पुढचा शाफ्ट बदलण्याआधी बिल मांडा

स्टिअरिंग पूर्ण वळवून यू-टर्न घेताना पुढच्या चाकातून कट-कट असा तालात आवाज आला आणि गाडी सरळ होताच थांबला, तर बाहेरच्या सीव्ही जॉइंटचे दिवस भरत आले असं समजावं. थार, व्ही-क्रॉस, हायलक्स अशी गाडी सोमवार ते शुक्रवार ऑफिसला नेणारे आणि सुट्टीला सह्याद्रीच्या चिखलात घालणारे बरेच जण या टप्प्यावर एकदम अपग्रेडचं बोलू लागतात. क्रोमोलीच्या शाफ्टचे व्हिडिओ पाहिलेले असतात, ग्रुपमधला कोणीतरी ‘एकदाच टाक आणि विसरून जा’ म्हणतो. पण ती रक्कम विसरण्यासारखी नसते. बहुतेकांचं काम चार-पाच हजारांत भागतं, काहींचं वीस-तीस हजारांत. ज्यांनी लाखांत जायलाच हवं असे फार थोडे. पुढचे आकडे ढोबळ आहेत. मॉडेल, शहर आणि माल कंपनीचा की बाजारातला, यावर ते खाली-वर होतात.

खर्च ठरवण्याआधी गाडीखाली वाका. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत डिफरन्शियलपासून प्रत्येक चाकापर्यंत एक शाफ्ट जातो. त्याच्या आतल्या टोकाचा जॉइंट चाक वर-खाली होताना थोडा आत-बाहेर सरकतो. चाकाकडच्या जॉइंटमध्ये बहुधा सहा गोळ्या असतात आणि स्टिअरिंगचा सगळा कोन तोच सोसतो. दोन्हींवर घड्यांचा रबरी बूट असतो. त्यातलं ग्रीस जागेवर आहे तोवर जॉइंट लाखभर किलोमीटरही तक्रार न करता जातो. बूट फाटला की ग्रीस बाहेर, पाणी-वाळू आत, आणि गोळ्या आपल्याच खाचा खाऊ लागतात.

चाक एका बाजूला पूर्ण वळवा आणि बॅटरीचा उजेड आतून मारा. रबराच्या घड्या उघडल्या की चीर दिसते. चाक सरळ असताना ती मिटलेली असते. रिमच्या आतल्या कडेवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे गोलाकार उडालेले असतील तर बूट फाटलाय. त्या ग्रीसचा थेंब दोन बोटांत चोळून पाहा. गुळगुळीत लागला आणि गाडी आवाज करत नसेल, तर जॉइंट वाचला. खरखरीत लागला किंवा ग्रीस दुधाळ, करडं झालं असेल, तर नुसता बूट बदलून पैसे वाया जातील.

बूट, क्लिपा आणि मॉलिब्डेनमचं ग्रीस असा संच सातशे ते दीड हजारात येतो. मजुरी एका बाजूला आठशे ते दीड हजार. वर अलाइनमेंट. म्हणजे एक बाजू तीन-चार हजारांत उरकते. शाफ्ट न काढता बसवून चिकटवायचा, एका बाजूने उघडा बूटही बाजारात मिळतो. गावापर्यंत पोचायला तो ठीक, पावसाळा काढायला नाही. मिस्त्री जॉइंट उघडणारच असेल तर जुनं ग्रीस पूर्ण धुऊन गोळ्या आणि त्यांचा पिंजरा तुम्हाला दाखवायला सांगा. खाचेत नख अडकलं तर तो जॉइंट परत बसवू नये.

जॉइंट गेलाच असेल तर प्रश्न येतो, नुसता बाहेरचा जॉइंट घ्यायचा की पूर्ण शाफ्ट. बाजारातला जॉइंट तीन-सहा हजारांत मिळतो. कंपनीचा पूर्ण शाफ्ट गाडीनुसार दहा ते वीस हजार. रोजच्या गाडीला माझं मत पूर्ण शाफ्टच्या बाजूने आहे. मजुरी जवळपास तेवढीच लागते आणि आतला जॉइंटही तितकाच चाललेला असतो. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला भाव काढताना दोन गोष्टी विचारा: माल कुठल्या बनावटीचा आणि बिल जीएसटीचं आहे का. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. कोणी जुन्या २८ टक्क्यांचा हिशेब सांगत असेल तर तिथेच थांबवा.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब नसेल, तर गाडी टू-व्हीलवर असली तरी चाकांबरोबर शाफ्ट फिरतच राहतात. जिप्सी आणि जिमनीत हब सुटतात, त्यामुळे डांबरी रस्त्यावर पुढचे शाफ्ट बरेचसे निवांत असतात. तुमच्या गाडीत ती सोय नसेल, तर जॉइंट झिजतो तो मुख्यतः रोजच्या ऑफिसच्या रस्त्यावर. ताम्हिणीतल्या रविवारला उगाच दोष देऊ नका.

लिफ्ट केलीय का?

सीव्ही जॉइंट मोडण्याची गोष्ट बऱ्याचदा सस्पेन्शनच्या दुकानात सुरू होते. स्प्रिंगवर स्पेसर बसवून गाडी दोन इंच उचलली की चाक खाली जातं, डिफरन्शियल मात्र चॅसीबरोबर वर जातं. दोघांमधला शाफ्ट तिरका होतो. कंपनीने तो जवळजवळ आडवा राहील असा ठेवलेला असतो. आता सरळ रस्त्यावरही दोन्ही जॉइंट कोनातच फिरतात, बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात आणि एरवी वर्षानुवर्षं टिकणारा बूट लवकर चिरतो. शिवाय कोन वाढला की जॉइंटची ताकद सोसण्याची कुवत घटते. चाक पूर्ण वळलेलं, एक चाक हवेत, लो रेंज आणि पाय दाबलेला, अशा वेळी जॉइंटची बाहेरची वाटी तडकते किंवा पिंजरा फुटतो. हा सगळा खर्च स्वस्तातल्या स्पेसरमुळे येतो.

म्हणून लिफ्ट केलेल्या गाडीवर आधी कोन सुधारा. लिफ्ट दीड इंचावर आणणं सर्वात स्वस्त. दुसरा मार्ग डिफरन्शियल थोडं खाली आणणाऱ्या ब्रॅकेटांचा, पण तुमच्या मॉडेलसाठी ते तयार मिळत असतील तरच. खालच्या बाजूची उंची त्यात थोडी जाते, आणि ते कुठेतरी वेल्डिंग करून बनवून घेण्याची कल्पना सोडून द्या. कोन तसाच ठेवून महागडा शाफ्ट टाकला तरी त्याचा बूट आहे तिथेच फाटणार.

टायरचंही तसंच. थारवरचा २५५/६५ आर१८ टायर साधारण ३१ इंचांचा. ३३ इंची घातला की त्रिज्या सुमारे सहा टक्क्यांनी वाढते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्या टायरचं वजन वाढतं, पकड वाढते आणि दगडात अडकलेलं चाक घसरून सुटण्याऐवजी अडून बसतं. घसरणारं चाक शाफ्टला वाचवत असतं. पुढच्या डिफरन्शियलला लॉकर असेल तर ती सुटकाही संपते, कारण मग अख्ख्या एक्सलचा जोर एकाच शाफ्टवर येऊ शकतो.

क्रोमोलीचा हिशेब

आता मोठं बिल. भक्कम शाफ्टमध्ये सहसा ४३४० जातीचं क्रोमोली पोलाद असतं. अमेरिकेत टोयोटा टॅकोमासारख्या पिकअपसाठी दोन्ही बाजूंच्या अशा तयार जोडीला साधारण दीड ते दोन हजार डॉलर पडतात. तुमच्या गाडीसाठी तसा संच कोणी बनवत असेल, तर जड पार्सलचं भाडं, सीमाशुल्क आणि जीएसटी धरून किंमत दीडपटीच्या आसपास जाते. म्हणजे दोन लाखांच्या पुढेच. एवढ्या पैशात कंपनीचे दहा-बारा शाफ्ट येतात.

शिवाय कंपनीचा शाफ्ट फ्यूजसारखं काम करतो. तो तुटला तर दोन-तीन तासांचं काम आणि पंधरा हजारांचं नुकसान. तो अतूट केलात की जोर पुढच्या कमकुवत जागी सरकतो: डिफरन्शियलचे दाते, हाउसिंग, हबचं बेअरिंग. क्राउन-पिनियन गेलं तर डोंगरातून गाडी टोचनाने आणावी लागते आणि हाउसिंग उघडल्याशिवाय बिलाचा अंदाजही येत नाही. म्हणून पुढे लॉकर, ३३ च्या वरचे टायर आणि दगडांतलं नेहमीचं चालवणं, ही तिन्ही असतील तरच क्रोमोली घ्या. बाकीच्यांनी कंपनीचा एक जास्तीचा शाफ्ट, त्याचा नट आणि ऑइल सील गाडीत ठेवावं. हा विमा वीस हजारांत होतो.

‘आपण इथेच बनवून घेऊ’ हा विचार भोसरी किंवा कोल्हापूरच्या कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांना हमखास येतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. ईएन-२४ हे ४३४० च्या तोडीचं पोलाद आपल्याकडे सहज मिळतं आणि मधला दांडा, त्याच्या स्प्लाइन चांगल्या वर्कशॉपमध्ये होतात. हीट ट्रीटमेंटची पावती आणि कडकपणाचा आकडा मात्र मागून घ्या. लेथवरून थेट गाडीत गेलेला दांडा पीळ खातो. जॉइंटची वाटी आणि गोळ्यांच्या खाचा हे वेगळं, अचूक काम आहे, तिथे स्थानिक प्रयोग नको. तुटलेला शाफ्ट वेल्ड करून देणाऱ्याकडे तर जाऊच नका.

जिप्सी आणि जिमनीच्या मालकांचा हिशेब थोडा वेगळा. पुढे अखंड एक्सल असल्याने लिफ्टमुळे जॉइंटचा कोन तसा बिघडत नाही. जॉइंट नकलच्या पोकळ गोळ्यात ग्रीसमध्ये बसलेला असतो. तिथला शत्रू आतलं ऑइल सील. ते गळलं की डिफरन्शियलचं तेल ग्रीसमध्ये मिसळतं आणि नकलमागून काळा, पातळ रबडा ओघळतो. सील स्वस्त, मजुरी जास्त. नकल उघडलीच आहे तर बेअरिंगही त्याच वेळी तपासून घ्या.

दर विचारताना सुटणारे खर्च बिलाच्या तळाशी येतात. ऑइल सील, डिफरन्शियलचं तेल, नवा एक्सल नट, कधी बॉल जॉइंट, अलाइनमेंट: हे मिळून तीन ते सहा हजार सहज होतात. गाडी रोजची असल्याने ती उभी राहील तेवढ्या दिवसांचं रिक्षा-टॅक्सीचं भाडंही धरा. बाहेरून येणाऱ्या मालाची वाट पाहत गाडी गॅरेजला सोडू नका. माल हातात आला की मगच न्या.

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. शाफ्ट बाहेरून दिसत नाही, लिफ्ट आणि बाहेर आलेले टायर दिसतात. वॉरंटीतली गाडी असेल तर एक्सलच्या तक्रारीवर कंपनी पहिल्यांदा तेच दाखवेल आणि न कळवलेल्या बदलावरून विम्याचा दावाही अडू शकतो.

काम झाल्यावर एक्सल नट इम्पॅक्ट गनने नव्हे, टॉर्क रेंचने आवळायला लावा आणि पाचशे किलोमीटरनंतर क्लिपा, सील, नट पुन्हा दाखवून घ्या. काढलेला शाफ्ट चांगला असेल तर दुकानात सोडून येऊ नका. बूट नवा घालून, ग्रीस भरून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून तोच स्पेअर म्हणून मागच्या सीटखाली टाका.