कावीळ : श्रेय कोणाच्या खाती?

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

कावीळ हा स्वतंत्र रोग नसून रोगाचे लक्षण आहे. रक्तातील जुन्या तांबड्या पेशी फुटल्या की बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. ते पित्तावाटे बाहेर टाकणे हे यकृताचे काम. यकृताला सूज आली की हे द्रव्य रक्तात साचते व डोळे पिवळे दिसतात. आयुर्वेदातील 'कामला' तीच कन्नडमधील 'कामाले'.

दूषित पाण्यातून प्रामुख्याने 'ए' व 'ई' हे विषाणू पसरतात. 1981 साली कोल्हापुरात व 2012 साली इचलकरंजीत काविळीच्या मोठ्या साथी आल्या, त्या पाण्यातूनच. विषाणू पोटात गेल्यावर साधारण महिना-दीड महिना काहीच जाणवत नाही. मग ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणे. पुढे लघवी गडद होते आणि शेवटी डोळे पिवळे होतात. बहुधा याच सुमारास ताप उतरू लागतो. हळूहळू भूक परतते. बहुतेक रोगी दोन ते सहा आठवड्यांत सावरतात. थकवा मात्र काही काळ रेंगाळतो.

आता काविळीच्या माळेचा विचार करू. डोळे पिवळे झाल्यावर, म्हणजे रोग उताराला लागण्याच्या बेतात असताना, ती गळ्यात पडते. ओल्या काड्यांचे तुकडे वाळून आकसतात, गाठी सैल होतात, माळ लांबते. त्याच दिवसांत यकृतही आपोआप सुधारते. काम यकृताचे, जमा मात्र माळेच्या खाती!

हिशेबातील ही चूक एरवी निरुपद्रवी वाटेल. पण काही थोड्या रोग्यांचे यकृत निकामी होऊ लागते. गुंगी, असंबद्ध बोलणे, न थांबणारी उलटी किंवा रक्तस्राव दिसताच त्यांना तातडीने रुग्णालयात न्यावे. 'ई' काविळीत शेवटच्या तीन महिन्यांतील गर्भवतीच्या जिवाला विशेष धोका असतो. अशा वेळी माळ लांबण्याची वाट पाहणे जिवावर बेतते.

'ए' व 'ई' काविळीवर सहसा खास औषध लागत नाही. विश्रांती व पचेल तसा नेहमीचा आहार पुरेसा. केवळ उसाच्या रसावर राहू नये. दारू वर्ज्य. मनाने गोळ्या किंवा झाडपाला घेऊ नये, कारण त्याचाही भार यकृतावरच पडतो. रक्ततपासणी करावी, कारण रक्तातून पसरणाऱ्या 'बी' प्रकाराचा मुक्काम लांबू शकतो.

मलप्रभा आपल्याच तालुक्यात, कणकुंबीला उगम पावते. उगम जवळ म्हणून पाणी शुद्धच, असे मात्र समजू नये. पावसाळ्यात पाणी उकळूनच प्यावे.