मुलाला स्वतः करू द्या



शाळा सुरू झाली की मुलाचा गृहपाठ आई लिहिते, बुटाची नाडी बाबा बांधतात. मूल मात्र बघत उभे.

६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांचे पहिले बालगृह उघडले. एकदा त्यांनी मुलांना रुमालाने नाक कसे शिंकरावे, हे हळूच, आवाज न करता करून दाखवले. मुलांनी चक्क टाळ्या वाजवल्या! शेंबड्या नाकावरून त्यांना सगळेच ओरडत, पण शांतपणे दाखवले कोणीच नव्हते. आपल्या घरांत तरी वेगळे काय घडते? ‘नीट लिही’ असे आपण दहादा बजावतो. पेन्सिल कशी धरायची, ते किती वेळा दाखवतो?

आपले ज्ञान इंद्रियांपासून सुरू होते, अशी संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण. सेमिनरीत आम्ही ती पाठ केली. अर्थ बालवाडीत कळतो. आपल्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीत १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागडी साधने परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, बिया, पाने यांनीच काम भागले.

तेव्हा या आठवड्यात वाल सोलताना मुलाला जवळ बसवा. दाणे त्याला मोजू द्या. चुकला तर लगेच उत्तर सांगू नका, पुन्हा मोजू द्या. शेजारच्या मुलाचे गुण त्याच्यासमोर काढूच नका. जेवायला थोडा उशीर होईल, होऊ द्या.