अपस्मारावरील नव्या औषधांचा शोध

उज्जैनच्या शासकीय धन्वंतरी आयुर्वेद महाविद्यालयात अभ्यासल्या जाणाऱ्या चरकसंहितेत, चिकित्सास्थानाचा दहावा अध्याय अपस्मारावर आहे. वात, पित्त, कफ व सन्निपात असे त्याचे चार भेद तेथे सांगितले आहेत. माळव्यात या रोगास मिरगी म्हणतात, महाराष्ट्रात फेफरे. बाधा समजून रुग्णास मांत्रिकाकडे नेण्याची अथवा त्यास चप्पल हुंगविण्याची घाई मात्र उभय प्रांतांत सारखीच.

आधुनिक औषधांत प्रथम ब्रोमाइड (१८५७) व नंतर फिनोबार्बिटल (१९१२) आले. दोन्ही गुंगी आणणारी. त्यामुळे झटका थांबवायचा तर रुग्ण सुस्त होणारच, अशी समजूत रूढ झाली. ती १९३८ मध्ये मोडली. अमेरिकेतील मेरिट व पुटनाम यांनी मांजरांत विजेच्या साहाय्याने झटके उत्पन्न करून अनेक रसायने तपासली आणि त्यांतून फिनिटॉइन पुढे आले. हे द्रव्य १९०८ मध्येच तयार झाले होते. झोप आणत नाही म्हणून ते दुर्लक्षित राहिले होते!

व्हॅल्प्रोएटचा शोध तर योगायोगाने लागला. फ्रान्समधील ग्रनोबल येथे १९६२ च्या सुमारास काही नवी द्रव्ये विरघळविण्यासाठी ते वापरले जात होते. त्यात मिसळलेले प्रत्येक द्रव्य गुणकारी ठरू लागले, तेव्हा गुण द्रावकाचाच असल्याचे उमगले. गर्भास अपाय होण्याची शक्यता असल्याने स्त्रियांना ते देताना आज विशेष दक्षता घ्यावी लागते.

त्यानंतर लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासेटम अशी अनेक औषधे आली. त्यांपैकी कित्येकांचे दुष्परिणाम कमी आहेत. परंतु ग्लासगो येथील १,७९५ रुग्णांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ६४ टक्के रुग्णच झटक्यांपासून मुक्त झालेले आढळले. २००० मधील तेथीलच पाहणीतही प्रमाण जवळजवळ तेवढेच होते. ही औषधे झटका आवरतात, रोगाचे मूळ काढीत नाहीत. उरलेल्या तिसऱ्या हिश्शासाठी संशोधन चालू आहे, आणि निवडक रुग्णांना शस्त्रक्रियेचा लाभ होतो.

ज्यांचे झटके गोळ्यांनी थांबले आहेत, त्यांना धोका गोळी चुकण्याचा असतो. २०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनला जाणाऱ्या रुग्णांनी प्रवासाचे दिवस मोजून पुरेशी औषधे जवळ ठेवावीत, उपवासातही मात्रा सोडू नये, जागरण टाळावे आणि क्षिप्रेत एकट्याने उतरू नये.