दाखला मागाहून, शाळा आधी

प्रश्न : आम्ही विट्याकडचे, चेन्नईत गलाईचं काम करतो. दहा वर्षांची पुतणी गावाहून आलीय. जन्मदाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखलाही हाती नाही. प्रवेश मिळेल का?
– एक वाचक, चेन्नई

उत्तर : मिळायलाच हवा, तो तिचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १४ नुसार वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. परराज्यातून आलेल्या मुलीचा शाळेचा दाखला उशिरा आला, तरी सरकारी शाळेला तिला अडवता येत नाही (कलम ५). आधार सक्तीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. गावच्या अंगणवाडीतली नोंद मागवा. तीही नसेल तर पालकांनी वय लेखी द्यावं. अर्जात ही कलमं लिहा, पोच घ्या. कागद उद्या येईल. पोरीचं वाया गेलेलं वर्ष परत येत नाही.