शिवी नेमकी लागते कोणाला?

पोरी, आई तुझ्यावर रुसली आहे, हे तुला माहीतच आहे. पण मला तिच्या रुसण्यापेक्षा तुझा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटला, म्हणून आज जरा निवांत बोलू. तू म्हणालीस, "ताई, पोट्ट्यायनं शिव्या देल्ल्या तं चालते, अन् म्या एक देल्ली का लगेच संस्कार आठोते? माह्या मनातलं म्या बोलू कसं?" तुझं म्हणणं खरं आहे. अकोल्याच्या बसस्टँडवर नाहीतर अमरावतीच्या राजकमल चौकात उभं राहिलं की कानावर काय काय पडतं! त्याकडे कोणी मान वळवूनसुद्धा बघत नाही. तोच शब्द मुलीच्या तोंडून निघाला की सगळ्यांना तिचं घराणं आठवतं. हा दुजाभाव मला मान्य नाही, आणि आईलाही मी तसं स्पष्ट सांगितलं.

आपल्या वऱ्हाडाला गुळगुळीत बोलणं कधी जमलंच नाही. म्हाताऱ्या बाया लाडातसुद्धा नातवाला 'मुडद्या' म्हणतात. 'बह्याड', 'भैताड' तर घरोघरी चालतात आणि त्यांचा राग कोणी धरत नाही. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. ते वऱ्हाडीतच कीर्तन करायचे. कर्ज काढून सण करणाऱ्याला, देवापुढे बकरं कापणाऱ्याला, दारू पिणाऱ्याला ते भर कीर्तनात प्रश्न विचारून उघडं पाडायचे, शब्द मऊ करायचे नाहीत. तुझ्या विद्यापीठाला त्याच माणसाचं नाव आहे. आणि उद्धव शेळक्यांची 'धग' अजून वाचली नसशील तर वाच. १९६० सालची कादंबरी. गरिबीशी झुंजत संसार ओढणारी त्यातली कौतिक पुस्तकी मराठीत बोलली असती, तर ती कौतिक राहिलीच नसती. पुढे १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला. मुंबईच्या वेश्यावस्तीतलं जगणं ज्यांनी जवळून पाहिलं, त्यांनी ते सांगायला सोज्वळ शब्द कुठून आणायचे होते? त्यातल्या शिव्या काढून टाकल्या तर त्या कवितांतलं खरंच निघून जाईल.

बायांना तर शिवी द्यायला सण लागायचा. साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी अशी दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बाया ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. 'बोरीचा बार' म्हणतात त्याला. वर्षभर गिळलेलं त्या दिवशी मोकळं होत असणार, असं मला मनापासून वाटतं. पण एका दिवसाची मोकळीक मला पुरेशी वाटत नाही. बाईला राग वर्षातून एकदाच येतो का?

कायद्याचंही ऐकून ठेव. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'कॉलेज रोमान्स' या वेब मालिकेच्या खटल्यात सांगितलं की भाषा शिवराळ आहे एवढ्यावरून ती अश्लील ठरत नाही. म्हणजे तू शिवी दिलीस म्हणून तू वाया गेलीस, असं निदान कोर्ट तरी म्हणत नाही.

आता जिथे माझं तुझ्याशी पटत नाही, तिथे येते. त्या दिवशी रिक्षावाल्याला तू जी शिवी दिलीस ती आईवरची होती. भांडण तुझं, पैसे जास्त घेतले त्यानं, आणि शिवी लागली कोणाला? दूर कुठल्यातरी घरात भाकरी थापत बसलेल्या, या भांडणाचा पत्ताही नसलेल्या एका बाईला. पुरुष पिढ्यान् पिढ्या हेच करत आलेत. भांडण दोघा गड्यांचं आणि अब्रू जाते तिसऱ्याच बाईची. तू तीच शिवी उचललीस तर त्यात तुझं स्वतःचं असं काय आहे? ती त्यांचीच उष्टी भाषा झाली.

अहिल्यानगर जिल्ह्यात नेवाशाजवळ सौंदाळा नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला, आईबहिणीवरून शिवी दिली तर पाचशे रुपये दंड. दंडानं जीभ सुधारते यावर माझा फारसा विश्वास नाही. पण अख्ख्या गावानं बसून 'ही शिवी बाईचा अपमान आहे' असं मोठ्यानं म्हटलं, याचं मला फार मोल वाटतं.

जातीचं नाव शिवीसारखं वापरणं, हे त्याहून वाईट. ही घाण सवय आपल्या नात्यागोत्यातही आहे, तू ऐकलं आहेस. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवी देणं १९८९ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी ती तुझ्या तोंडी मी खपवून घेतली नसती. तिथे मी आईपेक्षा कडक आहे.

शिवीचा उपयोग कधी होतो, तेही ऐक. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितला होता. साधा शब्द म्हणताना जितका वेळ हात ठेवता आला, त्याहून जास्त वेळ शिवी देताना ठेवता आला. नंतरच्या प्रयोगात मात्र दिसलं की जे रोज उठता-बसता शिव्या देतात, त्यांना हा फायदा कमी मिळतो. तुझं तसंच होऊ लागलंय. मेसच्या भाजीत मीठ कमी पडलं तरी तोच शब्द, परीक्षा पुढे ढकलली तरी तोच. मग खरंच आग लागेल त्या दिवशी तोंडात काय उरेल?

तो दिवस येऊ शकतो, म्हणून सांगते. बसमध्ये कोणी अंगचटीला आलं तर शब्द निवडत बसू नको. तोंडाला येईल ते ओरड, गाडी थांबवायला लाव. तुझ्या शिवीचा हिशेब तिथे मी मागणार नाही, आईलाही मागू देणार नाही. पण मेसमध्ये भांडी घासणाऱ्या मावशीला, दुकानातल्या पोऱ्याला, जो उलटून बोलू शकत नाही अशा कोणालाही नाही.

आणि आईला आज रात्री फोन कर. शिवीची माफी मागायला नको. परीक्षेची तारीख पुन्हा पुढे गेली, घरचे पैसे संपत चाललेत, झोप लागत नाही, हे तिला सांग. ती तुझ्या शिवीवर रुसली आहे, कारण तुझा राग कशाचा आहे हे तिला अजून कोणी सांगितलेलंच नाही.