अंगठा देण्याआधी



चितेगावात एका भिल्ल मावशींनी माझ्यापुढे कोरा स्टॅम्प पेपर ठेवला. उसने पैसे देणाऱ्याने जमिनीच्या तारणासाठी त्यावर अंगठा मागितला होता. “देऊ का, भाऊ?” मी वकील नाही, पण इतके सांगितले, कोऱ्या कागदावर अंगठा कधीच देऊ नये. आधी मजकूर वाचून घ्यावा व प्रत आपल्याजवळ ठेवावी.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. दुसरे, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा.

मावशींनी कागद परत केला. पैशांची नड मात्र तशीच राहिली. नीतिसूत्रे ३१:८-९ आपल्याला मुक्यांसाठी बोलायला व गरिबांना न्याय मिळवून द्यायला सांगते. सल्ला देऊन आपले काम संपत नाही. अशा घराची नड भागवणे हेही मंडळीचेच काम आहे.