पथ्याच्या भातानं पोट बसेना
दाताच्या गळूसाठी अँटिबायोटिक घ्यावं लागलं. गरजेचंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण या गोळ्या आपलं-परकं बघत नाहीत. मोठ्या आतड्यातले उपयोगी जिवाणूही मरतात. गळू गेलं, पोट मात्र पुढं कितीतरी दिवस जागेवर येईना. कधी ढाळ, कधी गुबारा. पथ्य म्हणून रेशनच्या तांदळाचा मऊ भात चालू होता, वर जिवाणूंची महागडी पावडर. ढाळ चालू असेपर्यंत भात ठीकच. पुढंही तोच खाल्ला, तर आणलेल्या जिवाणूंनी खायचं काय?

त्यांचं खाणं म्हणजे चोथा, आपल्याला न पचणारे तंतू. तो आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आहेत, पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमच्या आत. आमच्याकडं जिवतीच्या पहाडावर ज्वारी, तूर, बरबटी, अंबाडी, पावसाळ्यात कोवळा तरोटा हे सगळं असताना पावडरीला पैसे घालवणं मला आता पटत नाही.

जिवाणूंसाठी ज्वारीची आंबील पीत असाल, तर मात्र नीट समजून घ्या. पीठ रात्रभर आंबतं खरं, पण सकाळी आपण ते शिजवतो आणि उकळीत ते जिवाणू मरतात. म्हणून काही आंबील वाया जात नाही, ज्वारीचा चोथा पोटात जातोच. जिवंत जिवाणू हवे असतील तर आंबील पार निवल्यावर ताक घाला. ताकात पाणी घालायचं तेही उकळून गार केलेलं. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की मिळेल ते पाणी भरतो आपण. तसंच ताकात गेलं तर हगवण ठरलेली.

चोथा हळूहळू वाढवा. आधी एका जेवणात भाकर, आठवड्याभरानं थोडी उसळ, सोबत भरपूर पाणी. दोन्ही वेळ बरबटी सुरू केली की पोट नगाऱ्यासारखं फुगतं, आणि लोक पुन्हा भाताकडं वळतात.

शौचात रक्त, ताप, पोटात मुरडा किंवा न थांबणारे पाण्यासारखे ढाळ असतील तर घरी प्रयोग नकोत. ढाळ बंद करणारी गोळी मनानं घेऊ नका. क्षारसंजीवनी पीत दवाखाना गाठा आणि आधी घेतलेल्या अँटिबायोटिकचं पाकीट डॉक्टरांना दाखवा.